चतुराबाईची अट

“लई गार लागतंय वं ताई,” चतुराबाई म्हणाली आणि तिनं पोट आत ओढून घेतलं.

“हलू नका. वीस मिनिटं फक्त. सुकायला लागलं की आपोआप गरम होईल ते.”

“गार चिखल आन् त्यो गरम व्हनार?”

“प्लास्टर आहे. सुकताना तापतं. भ्यायचं नाही.”

“भ्यायची व्हय मी. पोट फाडून घेतलं तव्हा न्हाई भ्याले.” ती छताकडे बघत हसली. हसल्यानं पोट हललं, तशी स्वतःच ओठ मिटून गप्प पडून राहिली.

कऱ्हाडच्या अलीकडे साखर कारखान्याच्या रस्त्यावर माझ्या भावाची, विशूची, पत्र्याची शेड होती. तिच्या मागच्या खोलीत दार लावून आम्ही दोघी होतो. विशू बाहेर पायरीवर, दाराकडे पाठ करून बसला होता. तसंच ठरलं होतं. दळण आणायला जाते असं टोळीत सांगून चतुराबाई आली होती, आणि जोंधळ्याचा डबा खरोखरच कोपऱ्यात ठेवलेला होता.

आमचं घर कुंभाराचं. वडिलांचा गणपतीचा कारखाना होता, त्यामुळे साचा घेणं, प्लास्टर कालवणं मला लहानपणापासून येत होतं. विशू चार वर्षांचा असताना आई गेली. त्याला मी वाढवला, कला महाविद्यालयात घातला. पुढे माझं लग्न झालं आणि सहा वर्षांत यजमान गेले. मी परत आले ती त्याच्याकडेच. तो शिल्पं करायचा आणि मी माझा जप, माझे उपास आणि त्याचं प्लास्टर सांभाळायची. गाव सोडून पोटामागे फिरणारी माणसं हाच त्याचा विषय. धरणानं उठवलेले लोक, वीटभट्टीवरचे लोक त्यानं केले होते. त्या साली ऊसतोडीचे लोक करत होता. बीडकडून आलेल्या एका टोळीत रोज जाऊन बसायचा, माणसांच्या हातांचे, तळव्यांचे साचे घ्यायचा.

एक दिवस तो तिथून आला आणि जेवलाच नाही.

“अक्का, त्या टोळीत तीस बायका आहेत. त्यातल्या एकोणीस जणींच्या गर्भाच्या पिशव्या काढल्यात. एकही चाळिशीची नाही.”

“आजार होता का काही?”

“पोटात दुखत होतं. कुणाच्या नाही दुखत? मुकादमच जीपमध्ये घालून घेऊन जातो दवाखान्यात. पाळीचा खाडा नको, बाळंतपणाचा खाडा नको.” मग भाताशी खेळत म्हणाला, “हात करून हे दिसायचं नाही. पोट पाहिजे. आणि ते मला मागता येणार नाही. तुला देतील.”

मी गेले. चार दिवस नुसती त्यांच्या कोप्यांपाशी, पाचटाच्या त्या झोपड्यांपाशी, बसून आले. पाचव्या दिवशी चतुराबाईच आपण होऊन म्हणाली, “मपलं घ्या.”

वय पस्तीसच्या आत. नवरा आसाराम. एक मुलगी, शीतल, तेरा वर्षांची, तिकडे गावाकडे वसतिगृहात राहून आठवीत शिकत होती. चतुराबाई काही न विचारताच तिच्याविषयी सांगत राहायची. अक्षर कसं आहे, कविता कशी म्हणते.

“तोंड न्हाई घ्यायचं,” तिनं अट घातली. “नाव न्हाई लिव्हायचं. हे मी हाय असं एका माणसाला कळता कामा नये. मुकादमाला कळलं तर आमचा कोयता टोळीतून काढील. कोयता म्हंजी आम्ही दोघं, नवरा-बायको. एकट्याला कोन घेत न्हाई. मग आमच्या मालकाला, शीतलच्या बापाला, आयतंच व्हईल. दोन साल झाले मागं लागलेत, पोरीचं लगीन लावू, जावई आन् ती मिळून दुसरा कोयता तयार व्हईल. मी म्हनलं, मी तोडते तवर शीतल फडात यायची न्हाई.”

“एवढं जोखमीचं आहे तर कशाला देताय?”

तिनं जरा विचार केला. “कुनीतरी नीट बघावं, म्हनून. मालकानं भी बघितलं न्हाई. म्हनले, झाकून ठेव.”

साचा घ्यायच्या दिवशी लुगडं सोडलं तेव्हा कमरेला काळा दोरा दिसला. बेंबीच्या खाली बरोबर व्रणाच्या वर एक कवडी गाठीत बसवलेली, तिचा एका बाजूचा टवका उडालेला.

“हा दोरा काढा, चतुराबाई.”

“त्यो न्हाई निघत. येडाईचा नवस हाय. शीतल धाव्वी पास झाली की आईच्या पायाशी जाऊन सोडायचा. तवर जागचा हलवायचा भी न्हाई.”

माझाही सकाळचा जप पुरा झाल्याशिवाय पाणी घ्यायचं नाही असा नेम होता, आणि कोणी म्हणालं असतं की आज एक घोट घे, तर मी काय म्हणाले असते ते मला ठाऊक होतं. मी दोऱ्यावरून, कवडीवरून खोबरेल तेल लावलं.

“साच्यात उमटेल ते. पण नंतर मेणाची प्रत काढतात, त्यावर पुसून टाकता येतं. मी पुसेन.”

“कुनी वळखनार न्हाई?”

“नाही ओळखणार.”

“तुम्ही नेमाच्या हाव,” ती आडवी होत म्हणाली. “तुमच्या भावाच्या शब्दावर दिलं नसतं. तुमच्या शब्दावर देते.”

वीस मिनिटांनी साचा उचलला. आत प्रत्येक टाका उमटला होता. शिवणीत एक टाका तिरका पडला होता, तोही. चतुराबाईनं वाकून बघितलं आणि म्हणाली, “शिवायला भी नवं पोरगं ठिवलं व्हतं का काय.” मग पोटावरचं तेल पुसून, डबा उचलून दळणाला गेली.

मेणाची प्रत निघाली तेव्हा विशूला पुण्याला प्रदर्शनाच्या जागेचं बघायला जायचं होतं. ओतकामवाल्यांचा टेम्पो दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता.

“अक्का, कडेचे बुडबुडे भर. शिवण अजिबात हलवू नकोस. आणि कवडी काढ. दोऱ्याचा माग राहिला तर राहू दे, कवडी मात्र काढ. तू शब्द दिलायस.”

“काढते,” मी म्हणाले.

दुपारी मी मेणावर फिरवायची लोखंडी पात गॅसवर तापवली. बुडबुडे भरले. लुगड्याच्या काठाचे वळ पुसले. मग पात कवडीजवळ नेली आणि हात थांबला. मेण तांबूस होतं, उन्हात अगदी अंगासारखं दिसत होतं. दोऱ्याची वीण, गाठ, टवका उडालेली कड. मी पात पुन्हा तापवली. मनात आलं, हा मुलीच्या शिक्षणाचा नवस. आईनं तो जागचा हलू दिला नाही, आणि मी कोण गरम लोखंड लावून तो पुसणार? ह्याचं त्या पोरीला काही भोवलं तर? असं तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी गॅस बंद केला. प्रत ओल्या फडक्यात गुंडाळली आणि सकाळी टेम्पोत ठेवून दिली.

संध्याकाळी विशूचा फोन आला. “झालं का सगळं, अक्का?”

“गेलं टेम्पोतून,” मी सांगितलं.

ओतकाम होऊन माल थेट पुण्याला प्रदर्शनाच्या दालनातच आला. पेट्या उघडायला मीही गेले होते. पोटाची पेटी विशूनं स्वतः उघडली. पेंढा बाजूला केला आणि तसाच बसून राहिला.

“हे काय आहे, अक्का?”

“माझा हात झाला नाही रे.”

“मग मला सांगायचंस. मी काढलं असतं.”

“तेच नको होतं.”

तो उठला. हत्यारांच्या पिशवीतून त्यानं कानस काढली. मी पुढे होऊन तळहात कवडीवर ठेवला. ब्राँझ गार होतं.

“हात काढ.”

“लेकरासाठी बांधलेलं आहे ते, विशू. त्यावर कानस नको चालवू.”

“आणि ओळखलं कोणी तर?”

“इथं कोण ओळखणार आहे? ऊस तोडायचं सोडून त्या पुण्याला प्रदर्शन बघायला येणार आहेत का?”

“तू तिला काय म्हणाली होतीस, आठव.”

“मला आठवतं. देवाचं मोडून दिलेला शब्द पाळायचा नसतो.”

हे वाक्य मी शांतपणे म्हणाले होते. मी कधी आवाज चढवून बोलत नाही, आणि विशूनं मला आयुष्यात कधी उलट उत्तर दिलेलं नव्हतं. शेवटी त्यानं कानस पिशवीत टाकली.

“बरं,” म्हणाला. “तुला जे पटतं ते.”

प्रदर्शन गाजलं. आठव्या दिवशी रविवारच्या पुरवणीत त्या पोटाचा पानभर फोटो आला. शिवण, दोरा, कवडी सगळं स्वच्छ. दिल्लीहून फोन आले, मोठ्या संग्रहालयाचं पत्र आलं. मी देवाला साखर ठेवली.

चार दिवसांनी आम्ही कऱ्हाडला परतलो आणि विशू टोळीवर गेला. लगेच माघारी आला आणि म्हणाला, “चल माझ्याबरोबर.”

चतुराबाईची कोपी नव्हती. जागेवर तीन काळे दगड होते आणि चाऱ्याचा पाचोळा. बाकीच्या बायका आम्हाला बघून आत गेल्या. पाण्याच्या टँकरमागे एक म्हातारी भांडी घासत होती, तिनं मान वर न करता सांगितलं.

“कारखान्याचा कारकून पेपर घेऊन आला व्हता. मुकादमाला म्हनला, बघ, तुझ्या टोळीचं नाव निघालं. मुकादमाला काय कळतंय. त्याची बायकू बघाय आली. आमी समद्या एकाच लुगड्याच्या आडोशाला न्हातो. तिनं बघितलं आन् म्हनली, ही तर चतुरीची कवडी.”

“कुठं गेले ते?”

“त्याच दिशी गाडीत सामान टाकलं. आसारामानं वाटंला लागताना लई मारलं तिला. आता जावा तुमी.”

त्यानंतर विशूनं काय केलं नाही? तक्रारी केल्या, दवाखान्याची चौकशी लागावी म्हणून मंत्रालयापर्यंत गेला. चौकशी लागलीही. पण एका महिला संघटनेनं वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, की शिल्पकारानं अट मोडून एका बाईचं आयुष्य विकून नाव कमावलं. विशूनं उत्तरात एकच ओळ पाठवली. ‘चूक झाली आहे, ती मला मान्य आहे.’ कुणाची, ते लिहिलं नाही. मला ती ओळ त्यानं वाचून दाखवली आणि विचारलं, “बरोबर आहे ना?” मी मान हलवली.

पुढच्या जानेवारीत पत्ता लागला. कर्नाटकच्या हद्दीजवळ नदीकाठच्या एका फडात ती दोघं दुसऱ्या मुकादमाकडे तोडत होती. आम्ही भल्या सकाळी गेलो. विशू ट्रॉलीपाशी थांबला आणि मी सरीतून आत गेले.

आधी शीतल दिसली. मला ती शीतल हे कोणी सांगायला नको होतं, तोंड आईचंच. ती मोळ्या बांधत होती. गळ्यात काळे मणी होते, नवे. तिच्या पुढे अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा कोयता चालवत होता.

चतुराबाई मला बघून उभी राहिली. केस कपाळापाशी पांढरे झाले होते.

“आलाव ताई,” ती म्हणाली. “बसाय जागा न्हाई बघा.”

“शीतल...”

“गेल्या उन्हाळ्यात दिली. आता दोन कोयते झाले आमचे. मालक खूश हायती.” ती उसाच्या चिपाडानं हाताचा चीक खरवडत होती. “आठवीचा पेपर भी देऊ दिला न्हाई. चार दिवस थांबा म्हनलं व्हतं मी.”

मी गाडीत बसल्यापासून जे म्हणायचं ठरवलं होतं ते सगळं घशापर्यंत आलं. वारा पडला होता. ट्रॉलीपाशी उभा असलेला विशू तिथून स्पष्ट दिसत होता, आणि बोललेलं त्याला ऐकू जात होतं.

“तुमच्या भावानं घात केला, ताई,” चतुराबाई म्हणाली. “मोठ्या लोकाला काय. त्यांचं नाव झालं. तुम्ही तर पुसते म्हनल्या व्हत्या. त्यांनी पुसू दिलं नसंल.”

मी काही बोलले नाही.

“तुमच्यावर मपला राग न्हाई. तुम्ही देवाच्या बाई हाव. तुम्ही कुनाचं वाईट करनार न्हाई.”

असं म्हणून ती पुढे आली, वाकली आणि माझ्या पायांवर तिनं डोकं ठेवलं. मला वाटलं, ठेवून लगेच उठेल. ती उठली नाही. लुगड्यावर घातलेला, पाठीला घामानं चिकटलेला तिचा सदरा मला दिसत होता, पाचटाची कुसळं दिसत होती. मी दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले आणि तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेतलं.

मग ती उठली. पदरानं तोंड पुसलं. “जावा आता,” म्हणाली. “ऊन व्हतंय.”

परत येताना विशू गाडी हळू चालवत होता. नदीचा पूल ओलांडल्यावर तो म्हणाला, “बोलली नाहीस ते बरं केलंस. तिचा एका तरी माणसावर विश्वास राहू दे.”

हे वाक्य मी पुढे कितीतरी वर्षं जपून ठेवलं. रात्री झोप आली नाही की मी ते मनाशी म्हणायची, आणि झोप यायची.

विशूनं त्यानंतर माणूस केला नाही. आठवड्याच्या आत शेडमधले सगळे साचे, हातांचे, तळव्यांचे, ज्याचे त्याला परत नेऊन दिले. ज्यांचा पत्ता नव्हता त्यांचे पुरले. मग तो उठून गेलेल्या बिऱ्हाडांच्या जागा करू लागला. विझलेल्या चुली, झोपून उठल्यावर गवतावर राहिलेला दाब, रिकाम्या झोळ्या. जाणकारांनी त्यावर मोठे लेख लिहिले. स्थलांतरित माणूस समाजाला दिसतच नाही, म्हणून हा कलावंत त्याची अनुपस्थिती घडवतो, असं काहीतरी. त्याला पुरस्कार मिळाले, परदेशात बोलावणी आली. ते पोट त्यानं पुन्हा कुठंच मांडू दिलं नाही. संग्रहालयाला नाही म्हणून कळवलं आणि ते माझ्या पलंगाखाली पेटीत ठेवलं. घरी मुलाखतीला लोक येत. मी चहा करायची. एकदा एका मुलीनं स्वयंपाकघरात येऊन मला विचारलं, “आजी, सरांनी माणसं करायचं का सोडलं?”

“त्यालाच विचार गं,” मी म्हणाले. “मला त्यातलं काय कळतंय?”

मागच्या मार्गशीर्षात विशू गेला. चौदाव्या दिवशी मी एकटी एसटीत बसले. वय सत्तर झालं, आता आणखी थांबून काय करायचं. बीडला उतरून वडापच्या जीपनं गाव गाठलं आणि चतुराबाईचं घर विचारलं. दारात शीतल होती. अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली होती. तिची मुलगी ओट्यावर बसून गणितं सोडवत होती.

“आई चार साल झाले गेली, मावशी,” ती म्हणाली. तिनं मला ओळखलं होतं. आत नेऊन बसवलं, चहा दिला. माझा जप सकाळी बसमध्ये झाला होता, म्हणून मी घेतला.

विशू गेल्याचं मी सांगितलं. ती म्हणाली, “पेपरात वाचलं. चांगलं लिव्हलं व्हतं.”

“शीतल, मी एक सांगायला आलेय. तुझ्या आईला सांगायचं होतं. ते पुसायला विशूनं मला सांगितलं होतं. दोनदा. त्यानं...”

“आईला ठाऊक व्हतं,” शीतल म्हणाली.

“काय ठाऊक होतं?”

“तुम्हीच राहू दिलं ते. पेपर बघितला तव्हाच म्हनली, पुरुष मानसानं काढून टाकलं असतं, नेमाच्या बाईचा हात झाला नसंल. मी नवसाचं बोलले म्हनूनच झाला नसंल, असं भी म्हनायची.”

ओट्यावरची मुलगी मोठ्यानं पाढा म्हणत होती. मी कप खाली ठेवला.

“मग त्या दिवशी फडात... विशूलाच बोल लावला त्यांनी. माझ्या तर पाया पडल्या.”

शीतल माझ्याकडे बघत नव्हती. कपाच्या तळाची साखर चमच्यानं खरवडत होती.

“वाट बघत व्हती,” ती म्हणाली. “तुम्ही म्हनताव का काही, म्हनून. लई येळ वाकून व्हती ना?”

“हो,” मी म्हणाले. “बराच वेळ होती.”